अ‍ॅन्सिबलने सर्व्हर उभारणी: आधी वाट, मग काम, कुलूप शेवटी

अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हरची मांडणी लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे करणारं साधन) शिकणारे बरेच जण पहिल्या दिवशीच प्लेबुक, म्हणजे त्या सूचनांची फाइल, लिहायला बसतात. दोन तासांत एनजिनएक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालू होतं आणि सगळं जमल्यासारखं वाटतं. महिन्याभराने तेच प्लेबुक पुन्हा चालवलं की निम्मे टास्क (प्लेबुकमधली एकेक कामं) लाल, म्हणजे अयशस्वी, दिसतात, एखाद्या सर्व्हरवर लॉगिनच होत नाही आणि मग हाताने दुरुस्त्या सुरू होतात. एकदा हात लागला की त्या सर्व्हरवर काय आहे आणि प्लेबुकमध्ये काय लिहिलंय, यांचा मेळ राहत नाही. या चुका बहुतेक वेळा क्रमाच्या आणि तयारीच्या असतात, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरण छोटंच घेऊ. उबंटू २४.०४ चे तीन नवे सर्व्हर आहेत, दोन वेबसाठी आणि एक पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेससाठी. कोणत्या क्लाउडवर आहेत याने फारसा फरक पडत नाही.

## टप्पा १: कागदावर उत्तरं लिहा

एकही फाइल उघडायच्या आधी प्रत्येक सर्व्हरबद्दल चार गोष्टी लिहून काढा. त्यावर कोणती सेवा चालेल, कोणते पोर्ट कोणासाठी उघडे राहतील, कोणाकोणाला लॉगिन लागेल आणि कोणता डेटा तिथे कायम राहील. चौथा प्रश्न लोक गाळतात. वेब सर्व्हर मोडून नवा उभा करता येतो. डेटाबेसच्या बाबतीत आधी बॅकअप कुठे जातो आणि तो परत चढवून पाहिलाय का, हे ठरलेलं हवं. त्याचं उत्तर हातात नसेल तर डेटाबेसच्या सर्व्हरला तूर्त हात लावू नका, दोन वेब सर्व्हरपासून सुरुवात करा.

## टप्पा २: कंट्रोल मशीन तयार करा

जिथून अ‍ॅन्सिबल चालवायचं ते मशीन लिनक्स किंवा मॅक असावं. विंडोजवर थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं. उबंटू २४.०४ वर साध्या पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडने) सिस्टिममध्ये बसवायला गेलात तर ते नकार देतं, म्हणून पिपएक्सने बसवा. त्याला वेगळं आवरण मिळतं आणि सिस्टिमच्या पायथनला धक्का लागत नाही.

आवृत्ती पक्की करा. टीममधल्या तिघांकडे तीन आवृत्त्या असतील तर एकाचं चालणारं प्लेबुक दुसऱ्याकडे अडतं. आणखी एक गाठ इथे बसते: अ‍ॅन्सिबल-कोर २.१७ पासून समोरच्या सर्व्हरवरचं पायथन ३.६ चालत नाही. रेड हॅट ८ च्या घराण्यातले जुने सर्व्हर सांभाळत असाल तर आंधळेपणाने अपग्रेड करू नका. कलेक्शन्स, म्हणजे अ‍ॅन्सिबलची जोड-पॅकेजेससुद्धा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्तीसह नोंदवा.

सावधान: डब्ल्यूएसएलमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवलं तर ते सगळ्यांना लिहिण्याजोगं दिसतं आणि अशा फोल्डरमधली अ‍ॅन्सिबलची कॉन्फिग फाइल सुरक्षेपोटी वाचलीच जात नाही. एक इशारा येतो, तो वर सरकून जातो आणि माणूस तासभर 'माझी इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) का सापडत नाही' म्हणून शोधत बसतो. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा.

## टप्पा ३: सर्व्हरपर्यंतची वाट

एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीची) ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करा, तिला पासफ्रेज द्या आणि ती एजंटमध्ये (किल्ली लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चढवा. सार्वजनिक किल्ली सर्व्हर तयार करतानाच क्लाउडच्या पॅनेलमधून टाकता आली तर उत्तम.

पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरची ओळख पटवण्याचा प्रश्न येतो. 'होस्ट की चेकिंग बंद करा' हा सल्ला सगळीकडे सापडतो आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. ती तपासणी बंद केली की समोर आपलाच सर्व्हर आहे की दुसरं कोणी, हे कळायचा मार्गच उरत नाही, आणि याच वाटेने आपण पुढे पासवर्ड पाठवणार असतो. क्लाउड-इनिट (नव्या सर्व्हरची पहिली मांडणी करणारं साधन) पहिल्या बूटला सर्व्हरच्या किल्ल्यांचे ठसे कन्सोलवर छापतं. ते पाहा, जुळवा आणि मग नोन होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरच्या फाइलमध्ये) नोंद करा. तीन सर्व्हरचं हे काम पाच मिनिटांचं आहे.

इन्व्हेंटरी साधी ठेवा. वेब आणि डेटाबेस असे दोन गट, प्रत्येक सर्व्हरला अर्थपूर्ण नाव आणि त्याचा पत्ता वेगळ्या व्हेरिएबलमध्ये. गटाच्या नावात आडवी रेघ वापरू नका, अंडरस्कोर वापरा. गटाच्या व्हेरिएबलचं फोल्डर इन्व्हेंटरीच्या किंवा प्लेबुकच्या शेजारीच हवं. दुसरीकडे ठेवलं तर चूक दाखवली जात नाही, ती मूल्यं नुसतीच लागू होत नाहीत.

तपासा: पिंग मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे एक ठरावीक काम करणारा अ‍ॅन्सिबलचा भाग) तिन्ही सर्व्हरवर चालवा. नाव पिंग असलं तरी हे नेटवर्कचं पिंग नाही. लॉगिन होतंय आणि तिथे पायथन सापडतंय, या दोन्हींची ती खात्री आहे. तिन्हीकडून उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पायाभूत प्लेबुक

पहिलं प्लेबुक सगळ्या सर्व्हरवर सारखंच चालेल असं लिहा. त्यात पॅकेजेस, वापरकर्ते आणि वेळ, एवढंच.

नवा सर्व्हर हातात येतो तेव्हा तो पूर्ण जागा झालेला नसतो. क्लाउड-इनिटचं काम चालू असतं, आपोआप होणाऱ्या अपडेट्स एपीटीचं (उबंटूच्या पॅकेज व्यवस्थेचं) कुलूप धरून बसलेल्या असतात. त्यामुळे अगदी पहिला टास्क क्लाउड-इनिट संपेपर्यंत थांबण्याचा ठेवा. त्याची स्टेटस कमांड वेट पर्यायासह चालवली की ती थांबून राहते. तिचा परतीचा आकडा ० म्हणजे ठीक, २ म्हणजे किरकोळ तक्रारींसह काम झालं, १ म्हणजे खरंच बिघडलं. फक्त १ ला टास्क अयशस्वी ठरेल अशी अट घाला. एपीटी मॉड्यूल कुलपासाठी ६० सेकंद वाट पाहतं. नव्या सर्व्हरवर ते पुरत नाही, मी ३०० ठेवतो.

पॅकेजची अवस्था 'प्रेझेंट' ठेवा, 'लेटेस्ट' नको. लेटेस्ट लिहिलं की एखाद्या साध्या कॉन्फिग बदलासाठी प्लेबुक चालवताना भर दुपारी डेटाबेसचं पॅकेज बदलून सेवा रीस्टार्ट होऊ शकते. अपग्रेडसाठी वेगळं प्लेबुक करा आणि ते ठरवून चालवा.

या यादीत एसीएल नावाचं छोटं पॅकेज आत्ताच घाला. पुढे पोस्टग्रेस या वापरकर्त्याच्या नावाने टास्क चालवताना ते नसेल तर तात्पुरत्या फाइल्सच्या परवानग्यांची एक लांबलचक चूक समोर येते आणि तिचं मूळ इथे आहे हे पटकन लक्षात येत नाही.

आता वापरकर्ता. 'डिप्लॉय' नावाचा वापरकर्ता करा, त्याला किल्ली द्या, सुडोचा (रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, अधिकार देणाऱ्या कमांडचा) नियम वेगळ्या फाइलमध्ये लिहा. या तीन टास्कमध्ये चार खड्डे आहेत:

- यूजर मॉड्यूलला गट देताना अपेंड चालू ठेवा. नाहीतर दिलेले गट सोडून बाकी सगळ्यांतून तो वापरकर्ता काढला जातो, सुडोच्या गटातूनसुद्धा.
- अधिकृत किल्ल्यांच्या मॉड्यूलमधला 'एक्सक्लुझिव्ह' पर्याय लूपसोबत वापरू नका. प्रत्येक फेरी आधीची किल्ली पुसते, शेवटी एकच उरते.
- सुडोची फाइल लिहिताना व्हिसुडोकडून तपासून घेण्याचा व्हॅलिडेट पर्याय द्याच. त्या फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर सुडोच बंद पडू शकतं.
- सुडोअर्स.डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो मुकाट्याने वगळतं.

चौथा खड्डा मला महागात पडला आहे. फाइलच्या नावाला सवयीने 'कॉन्फ'चं शेपूट लावलं होतं. व्हिसुडोची तपासणी पास झाली, कारण मजकूर बरोबरच होता. त्याच रनमध्ये पुढे रूटचं लॉगिन बंद झालं. नव्या वापरकर्त्याने आत जाता येत होतं, पण रूटचा अधिकार मिळत नव्हता. चार सर्व्हर एकेक करून रेस्क्यू मोडमध्ये नेऊन सोडवावे लागले, रात्री दीड वाजेपर्यंत. तेव्हापासून वापरकर्ता तयार करणं आणि रूट बंद करणं ही दोन कामं मी एका प्लेबुकमध्ये ठेवत नाही.

फाइलचा मोड लिहिताना तो अवतरणात लिहा, '०६४४' असा. अवतरण आणि पुढचं शून्य दोन्ही विसरलात तर ६४४ हा दशमान आकडा समजला जातो. त्याचा अष्टमानात १२०४ होतो आणि फाइलच्या मालकालाच ती वाचता येत नाही. यामलमधला (प्लेबुक ज्या स्वरूपात लिहितात त्यातला) दुसरा नेहमीचा घोटाळा असा, की मूल्याची सुरुवातच दुहेरी महिरपी कंसाने होत असेल तर ते सगळं मूल्य अवतरणात हवं.

वेळेबद्दल माझं मत असं की सर्व्हर यूटीसीवरच ठेवावेत आणि लॉग वाचताना साडेपाच तास मिळवावेत. भारतीय वेळ लावायचीच असेल तर एशिया-कोलकाता हा झोन द्या आणि त्यानंतर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा, नाहीतर क्रॉन जुन्याच वेळेने कामं करत राहतं.

तपासा: कंट्रोल मशीनवरून डिप्लॉय या नावाने, रूटचा अधिकार मागून, पिंग मॉड्यूल पुन्हा चालवा. हे उत्तर येत नाही तोपर्यंत टप्पा ६ कडे बघायचंही नाही.

## टप्पा ५: दुसरा रन

प्लेबुक काहीही न बदलता लगेच पुन्हा चालवा. शेवटच्या सारांशात प्रत्येक सर्व्हरपुढे 'चेंज्ड' शून्य यायला हवं. अख्ख्या लेखातली एकच तपासणी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

शून्य येत नसेल तर कोणता टास्क पिवळा, म्हणजे 'बदललं' असा, दिसतो ते पाहा. बहुतेकदा तो कमांड किंवा शेल मॉड्यूलचा असतो. या मॉड्यूलना आपण काय बदललं ते समजत नाही, म्हणून ते दर वेळी 'बदललं' असंच सांगतात. कमांडने एखादी फाइल तयार होत असेल तर क्रिएट्स पर्यायात ती फाइल लिहा. नुसती माहिती विचारणारी कमांड असेल तर 'चेंज्ड व्हेन' खोटं ठेवा. टेम्प्लेटमध्ये (फाइलच्या साच्यात) कोणी आजची तारीख-वेळ छापत असेल तर ती काढून टाका, ती फाइल दर रनला बदलणारच.

लाइनइनफाइल (फाइलमधली एक ओळ शोधून बदलणारं) मॉड्यूल मात्र दुसऱ्या रनला शून्य दाखवूनही फसवतं. समजा, तुमचा नमुना फक्त कॉमेंट केलेली ओळ शोधतो. पहिल्या रनला ती ओळ बदलली जाते. सहा महिन्यांनी तुम्ही मूल्य बदलता, तेव्हा कॉमेंट केलेली ओळ उरलेलीच नसते, म्हणून नवी ओळ फाइलच्या तळाशी चिकटते. आता दोन ओळी झाल्या, आणि एसएसएचडी (सर्व्हरवरची एसएसएच सेवा) दोन ओळींपैकी पहिलीच मानतं. तुमचा बदल फाइलमध्ये दिसतो, पण लागू होत नाही. नमुन्यात कॉमेंटचं चिन्ह ऐच्छिक ठेवा, आणि शक्य असेल तिथे पूर्ण फाइल टेम्प्लेटने लिहा.

चेक पर्याय (बदल न करता चाचणी) आणि डिफ पर्याय (फाइलमध्ये काय बदलतं ते दाखवणारा) यांबद्दलही इथेच सांगतो. चालू असलेल्या सर्व्हरवर बदल करण्याआधी ते जरूर वापरा. कोऱ्या सर्व्हरवर मात्र चेकवर विसंबू नका. तिथे पॅकेज खरोखर बसवलेलं नसतं, त्यामुळे पुढचा सेवा चालू करण्याचा टास्क उगाच चूक दाखवतो. शिवाय कमांड आणि शेलचे टास्क चेकमध्ये सहसा वगळले जातात.

## टप्पा ६: कुलूप

आधी एका टर्मिनलमध्ये सर्व्हरवर लॉगिन करून ते सत्र उघडं ठेवा. एसएसएच सेवा रीलोड झाली तरी चालू सत्र तुटत नाही. काही बिघडलं तर तीच तुमची परतीची वाट.

एसएसएचडीची मुख्य कॉन्फिग फाइल बदलू नका. तिच्या शेजारच्या एसएसएचडी-कॉन्फिग.डी फोल्डरमध्ये आपली स्वतंत्र फाइल ठेवा आणि तिच्या नावाची सुरुवात ०० ने करा. त्याला कारण आहे. उबंटूच्या क्लाउड इमेजेसवर त्या फोल्डरमध्ये बऱ्याचदा ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची फाइल असते आणि तिच्यात पासवर्डने लॉगिन चालू ठेवलेलं असू शकतं. हे फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचलं जातं आणि पहिलं सापडलेलं मूल्य टिकतं. म्हणजे मुख्य फाइलमध्ये तुम्ही पासवर्ड लॉगिन बंद केलंत तरी ते उघडंच राहतं. 'आम्ही तर बंद केलं होतं' असं म्हणणाऱ्या कित्येकांचे सर्व्हर याच कारणाने उघडे असतात.

तुमच्या फाइलमध्ये दोन ओळी पुरतात: रूट लॉगिन नाही, पासवर्डने लॉगिन नाही. लिहिताना एसएसएचडीच्या टेस्ट पर्यायाने व्हॅलिडेट करा, मग हँडलरने (बदल झाला तरच चालणाऱ्या टास्कने) रीलोड. उबंटूवर या सेवेचं नाव एसएसएच आहे, रेड हॅटकडे एसएसएचडी.

पोर्ट २२ बदलायचा मोह टाळावा असं मी सांगेन. उबंटू २४.०४ वर एसएसएच सॉकेटमार्फत सुरू होतं, त्यामुळे पोर्ट बदलल्यावर सिस्टिमडीचं डीमन-रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं, नुसत्या सेवेच्या रीलोडने काही होत नाही. एवढ्या खटाटोपातून मिळणारा फायदा थोडा आहे.

मग यूएफडब्ल्यू, म्हणजे उबंटूचं फायरवॉल. आधी एसएसएचला परवानगी देणारा नियम, मग बाकीचे नियम, सगळ्यात शेवटी 'चालू करा'. अ‍ॅन्सिबल टास्क लिहिलेल्या क्रमानेच चालवतं, म्हणून फाइलमधला क्रम म्हणजेच प्रत्यक्षातला क्रम. एसएसएचसाठी 'लिमिट' नियम लावणार असाल तर त्याची मर्यादा ३० सेकंदांत ६ जोडण्या इतकी आहे आणि अ‍ॅन्सिबलच तिच्यात अडकू शकतं. पोस्टग्रेएसक्यूएलचं ५४३२ फक्त दोन वेब सर्व्हरच्या पत्त्यांना उघडा. डॉकर वापरत असाल तर तो प्रकाशित केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन उघडतो, हेही ध्यानात असू द्या.

हे प्लेबुक आधी अ‍ॅन्सिबलच्या लिमिट पर्यायाने एकाच सर्व्हरवर चालवा.

तपासा: नव्या टर्मिनलमधून लॉगिन करा. मग सर्व्हरवर रूट म्हणून एसएसएचडी कमांड मोठ्या 'टी' पर्यायासह चालवा. ती प्रत्यक्षात लागू असलेली मूल्यं छापते. फाइलवर नाही, या छापलेल्या मूल्यांवर विश्वास ठेवा. दोन्ही ठीक असतील तरच जुनं सत्र बंद करा आणि उरलेल्या सर्व्हरकडे वळा.

## टप्पा ७: गुपितं

डेटाबेसचा पासवर्ड साध्या फाइलमध्ये लिहून 'नंतर काढू' म्हणू नका. एकदा गिटमध्ये (फाइल्सचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेला की पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात राहतो. तसं झालंच असेल तर पासवर्ड बदलणं हाच उपाय. गुपितांची फाइल वेगळी ठेवून ती अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने कूटबद्ध करा. व्हॉल्टचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे ती गिटइग्नोरमध्ये आजच घाला.

व्हॉल्ट फक्त डिस्कवरच्या फाइलचं रक्षण करतं. टास्क चालताना तीच मूल्यं स्क्रीनवर उमटू शकतात. विशेषतः डिफ पर्याय लावला की पासवर्ड असलेला टेम्प्लेट आख्खा छापला जातो आणि स्वयंचलित बिल्डच्या लॉगमध्ये जाऊन बसतो. अशा प्रत्येक टास्कला 'नो लॉग' लावा.

## टप्पा ८: सेवा आणि हँडलर

आता एनजिनएक्स आणि पोस्टग्रेएसक्यूएल. दोन्हींचे वेगळे रोल (टास्क, फाइल्स आणि मूल्यांचे संच) करा. बदलता येणारी मूल्यं रोलच्या डिफॉल्ट्समध्ये ठेवा, व्हार्समध्ये नको, कारण व्हार्समधली मूल्यं गटाच्या व्हेरिएबलनी बदलत नाहीत.

हँडलरचं वागणं नीट समजून घ्या, कारण इथली चूक महिनोन्‌महिने दडून राहते. हँडलर टास्क बदलला की लगेच चालत नाही, तो प्लेच्या (एका गटावर चालणाऱ्या टास्कच्या मालिकेच्या) शेवटी चालतो. आता असं समजा, एनजिनएक्सची कॉन्फिग बदलली, रीलोडची नोंद झाली, पण त्यानंतरचा एखादा टास्क अयशस्वी झाला. त्या सर्व्हरवर प्ले तिथेच थांबतो, हँडलर चालत नाही. तुम्ही चूक दुरुस्त करून पुन्हा चालवता. या वेळी कॉन्फिग फाइल आधीच बदललेली असते, म्हणून टास्क हिरवा, म्हणून रीलोडची नोंदच नाही. सगळं हिरवं दिसतं आणि एनजिनएक्स जुन्या कॉन्फिगवर चालत राहतं.

यावर दोन उपाय आहेत. प्लेमध्ये फोर्स हँडलर्स चालू करा, किंवा महत्त्वाच्या टास्कनंतर मेटा टास्कने हँडलर तिथल्या तिथे चालवून घ्या. मी दोन्ही करतो.

एनजिनएक्सच्या रीलोडआधी त्याची स्वतःची तपासणी हवी. हँडलर नोंदवलेल्या क्रमाने नाही, हँडलरच्या यादीत लिहिलेल्या क्रमाने चालतात. म्हणून तपासणीचा हँडलर यादीत वर लिहा, रीलोडचा खाली. कॉन्फिग चुकलेली असेल तर रीलोडला जुनी प्रक्रिया चालूच राहते, साइट दिसत राहते आणि पुढच्या रीबूटला एनजिनएक्स उठतच नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलकडे दोन वेगळे हँडलर लागतात. कोणी जोडायचं ठरवणाऱ्या एचबीए फाइलसाठी रीलोड पुरतो, पण कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते बदललं तर रीस्टार्टच लागतो. तिथल्या मॉड्यूलना सर्व्हरवर पायथनचं सायकोपीजी२ पॅकेज लागतं, ते आधी बसवा.

## टप्पा ९: चालू सर्व्हरवर बदल

दोन वेब सर्व्हर असतील तर प्लेमध्ये सिरियल १ (एका वेळी एकच सर्व्हर) ठेवा. पहिल्यावर बदल फसला तर दुसरा अस्पर्श राहतो, कारण तुकडीतले सगळे सर्व्हर अयशस्वी झाले की प्ले पुढे सरकत नाही. पण एनजिनएक्स चालू झालं म्हणजे साइट चालली असं नाही. म्हणून तुकडीच्या शेवटी यूआरआय मॉड्यूलने त्या सर्व्हरवरच्या एका खऱ्या पानाला २०० उत्तर येतंय का ते पाहा. त्याआधी हँडलर चालवून घ्यायला विसरू नका, नाहीतर तपासणी जुन्या कॉन्फिगचीच होईल.

चालवण्याआधी दर वेळी लिस्ट-होस्ट्स पर्यायाने सर्व्हरची यादी डोळ्यांखालून घाला. लिमिट टाइप करायचा राहिला की प्लेबुक सगळीकडे सुटतं.

## टप्पा १०: एक सर्व्हर मोडून पाहा

दोनपैकी एक वेब सर्व्हर वाहतुकीतून बाहेर काढा, पुसून टाका, कोरा उबंटू घ्या आणि टप्पा ३ पासून फक्त प्लेबुक चालवून तो परत उभा करा. नव्या सर्व्हरची ओळख बदललेली असते, तेव्हा नोन होस्ट्समधली जुनी नोंद काढून नवा ठसा पुन्हा कन्सोलवरून जुळवा. आयपी पत्ता बदलला असेल तर इन्व्हेंटरी आणि ५४३२ चा यूएफडब्ल्यू नियम, दोन्हीकडे तो बदला.

या वेळी जे जे हाताने करावं लागेल, ते वहीत लिहा: एखादं फोल्डर, कधीतरी रात्री टाकलेली क्रॉनची ओळ, कोणीतरी सरळ सर्व्हरवर बसवलेलं प्रमाणपत्र. प्रत्येक नोंदीचा टास्क लिहा आणि तोच सर्व्हर पुन्हा मोडा. माझ्याकडे सहसा तिसऱ्या फेरीला वही कोरी राहते. त्यानंतरच दुसरा वेब सर्व्हर असाच नव्याने उभा करा.